माझ्या पोटातली खरेदीसखी

मित्रांनो, मला जुना म्हणायचं की नाही, यावर वलवणच्या अभ्यासिकेत दोन तट आहेत. वयानं म्हणाल तर मी जेमतेम चार वर्षांचा लॅपटॉप. पण माझा अवतार बघा! एका बिजागरीला लाल चिकटपट्टी, 'म'च्या बटणावरचं अक्षर पार पुसलेलं, आणि चार्जरची वायर अशी नखरेल की ती एकाच कोनात वाकवून ठेवावी लागते, नाहीतर बाईसाहेब रुसतात. पोरं मला 'म्हातारा' म्हणतात. म्हणोत बापडी! त्यांच्यातल्या निम्म्यांचे दहावीचे निकाल त्यांना मीच दाखवलेत, त्यामुळे माझ्यापुढे कुणी फार शहाणपणा करत नाही.

आज मी माझी गोष्ट सांगायला बसलोय खरा, पण तिच्यात ज्योत्स्नाचंच नाव सारखं येणार आहे. त्याला माझा इलाज नाही. मला मिरवायची भारी हौस आहे, हे मी कबूल करतो. पण त्या पोरीपुढे माझी मान आपोआप खाली जाते. का, ते ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझे शेकडो भाऊ ओळीनं पुढे जात होते. हातमोजे घातलेल्या बायका कुणाला पडदा बसवत होत्या, कुणाला स्क्रू आवळत होत्या. इतकं नाजूक काम, पण एकीचाही हात थरथरत नव्हता. शेवटच्या टेबलावर आमच्या पोटात प्रोग्रॅम भरले. त्यातच कंपनीनं एक जादा प्रोग्रॅम सरकवून दिला. त्याचं नाव 'खरेदीसखी'. ती बनवणाऱ्या जाहिरातवाल्यांनी आमच्या कंपनीला त्याबद्दल पैसे दिले होते. जो मला विकत घेणार होता, त्याला मात्र कुणीच विचारलं नव्हतं. मी तर तेव्हा तान्हा! मला काय कळणार? नावातच सखी म्हटल्यावर ती वाईट कशी असेल, असं मला वाटलं. उलट, आपल्या पोटात काहीतरी जादा आहे याचा मला गर्वच झाला.

वलवणला धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा बुद्धविहार आहे आणि विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका. त्या वर्षी भीमजयंतीच्या बैठकीत डीजे आणायचा की नाही, यावर जोरात जुंपली होती. तेव्हा ज्योत्स्ना उभी राहिली. वय तेवीस, तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला नोकरी, आणि शिफ्ट सुटली की अभ्यासिकेची चावी हिच्याच हातात. ती म्हणाली, "डीजे एक दिवस वाजेल आणि रात्री दहाला बंद होईल. या वर्गणीत आपण पोरांसाठी लॅपटॉप घेऊ. तो वर्षभर चालेल."

सगळ्यांनी अंबाजी आबांकडे बघितलं. आबा विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. तीस वर्षं त्यांनी रेल्वेत गँगमन म्हणून खंडाळ्याच्या घाटात रूळ सांभाळलेले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "पोरगी बराबर बोलतीय." झालं! लोणावळ्याच्या बाजारातल्या दुकानात सात-आठ लॅपटॉप तपासून ज्योत्स्नानं मला निवडलं.

माझं काय स्वागत झालं म्हणून सांगू! विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या. मग माझं झाकण उघडलं. पुढच्याच रांगेत बसलेल्या भामाबाई म्हणाल्या, "आगं बया, ह्यो तर भाकरीवानी पातळ हाय!" सगळे हसले, आणि मी मात्र लाजून अजूनच उजळलो.

तेवढ्यात आबा उठले आणि त्यांनी नियम सांगितला. "ही समाजाची वस्तू हाय. हितं कुनी येकटा मालक न्हाई. कंपनीनं आत जे घातलंय, त्यातलं काय बी काडायचं न्हाई, काय बी बदलायचं न्हाई. उद्या गॅरंटी गेली तर जबाबदार कोन?" नियम पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर चिकटवला गेला.

आबांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. ज्या माणसानं रुळाचा एक बोल्टसुद्धा हुकमाशिवाय ढिला केला नाही, तो दुसरं काय सांगणार? एखाद्याच्या घरी गेलो असतो तर तिथल्या पोरांनी आठ दिवसांत माझ्यातलं नको ते उपटून फेकलं असतं. इथं माझ्या पडद्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा वर्षभर कुणी काढलं नाही. सगळ्यांची वस्तू म्हणून त्यांनी मला इतकं जपलं की माझ्या पोटातला रोगही सोबत जपला गेला.

पुढचं दीड वर्ष मी राबलो. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, आयटीआयचे प्रवेश, नोकरीच्या जाहिराती. जो येईल त्यानं वहीत नाव, तारीख आणि काम लिहायचं, अशी ज्योत्स्नाची शिस्त होती. भामाबाईंचा मुलगा जानू दुबईला होता. रविवारी त्याचा चेहरा माझ्या पडद्यावर आला की त्या पदरानं आधी मला पुसायच्या आणि मग डोळे. इंटरनेटसाठी शेजारच्या हॉटेलच्या मॅनेजरनं त्यांच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांना जो पासवर्ड मिळायचा, तोच आम्हालाही. मॅनेजरनं ते चांगल्या मनानं केलं होतं.

आणि माझी सखी? ती रोज हजर! कुठलंही पान उघडा, कडेला साड्या, बूट, मिक्सर. भामाबाईंना ते फार आवडायचं. "बगा, माज्यासाटी कशा साड्या काडून ठेवल्यात!" असं म्हणून त्या खूश व्हायच्या. ज्योत्स्नाला मात्र ते खटकलं. एकदा सरकारी शिष्यवृत्तीच्या पानावर, अगदी वरती, चपलांची जाहिरात लागली. तिनं भुवया उंचावल्या. "सरकार चपला कधीपासून विकायला लागलं?"

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्रितमला विचारलं. तो म्हणाला, "ताई, सीलबंद खोक्यातून आणलाय ना? मग त्यात कसला व्हायरस? उगाच डोकं पिकवू नकोस." ज्योत्स्ना परत आली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच कसंनुसं झालं.

मग आला तो सप्टेंबरातला गुरुवार.

आबांची नात मानसी. बारावीला रात्रंदिवस मेहनत केलेली मुलगी. पुण्याच्या सरकारी कॉलेजात नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. वाडीतली पहिली नर्स होणार म्हणून आबांचे पेढे वाटून झाले होते. आता फक्त वेबसाइटवर जाऊन 'प्रवेश मान्य' एवढं बटण दाबायचं. त्यासाठी एक कोड लागायचा आणि तो कोड यायचा तिच्या ईमेलवर. शेवटची मुदत त्याच दिवशी, संध्याकाळी साडेपाचची. दाबलं नाही तर जागा दुसऱ्याची.

तीन वाजता मानसीनं माझ्यावर ईमेल उघडायला घेतला. पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. पाच वेळा, सहा वेळा. तिचे हात थंडगार पडले होते; माझ्या बटणांना ते कळत होतं. आबा मागे उभे होते. "मन कुटं असतंय तुजं? येक शबुद ध्यानात राहत न्हाई?" ते खेकसले. मानसी रडायला लागली. "आबा, माझा पासवर्ड बरोबरच आहे. शपथ!" ती खरं बोलत होती, मित्रांनो. मी ते जाणत होतो, पण मला कुठं तोंड आहे?

साडेतीनला ज्योत्स्ना शिफ्टवरून आली. पाठीवरची पिशवीसुद्धा तिनं उतरवली नाही. सगळं ऐकलं आणि मानसीला एकच प्रश्न विचारला, "हा ईमेल तू आणखी कुठे उघडतेस?" मानसी म्हणाली, "कुठंच नाही. फक्त ह्याच्यावर."

आता ज्योत्स्नाची हुशारी बघा. पानाच्या पत्त्याशेजारी एक छोटं कुलूप दिसतं ना? सगळे ते बघून निर्धास्त होतात. ज्योत्स्नानं त्या कुलपावर बोट ठेवून ते उघडलं आणि आत वाचलं, की हे पान खरं असल्याची ग्वाही कुणी दिली आहे. तिथं नाव होतं, खरेदीसखी. तिनं प्रवेशाचं पान उघडलं. ग्वाही खरेदीसखीची. बँकेचं पान. खरेदीसखी! मग तिनं आपला मोबाइल काढला, वायफाय बंद करून स्वतःच्या नेटवर तीच पानं उघडली आणि फोन माझ्या शेजारी ठेवला. फोनवर प्रत्येक पानाची ग्वाही निराळ्या आणि नावाजलेल्या संस्थेची होती. सखीचं कुठं नावही नव्हतं.

"आबा, इकडे या," ती म्हणाली. "तुम्हाला सीलबंद पाकीट आलं, आणि वाटेत कुणीतरी ते फोडून आत जाहिरातीचा कागद घातला, आणि स्वतःचा शिक्का मारून परत बंद केलं, तर?"

"तर त्याला पोलिसात देईन!"

"मग हा लॅपटॉप घेतल्यापासून आपलं प्रत्येक पाकीट असंच फुटतंय. साड्या दाखवायच्या म्हणून. आणि तो शिक्का मारायची किल्ली याच्या पोटातच ठेवलीय. या मॉडेलच्या सगळ्या लॅपटॉपांत एकच किल्ली." तिनं फोनवर शोधून काढलेलं वाचून दाखवलं. कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या लोकांनी माझ्या मॉडेलचं नाव घेऊन इशारा दिला होता. ज्याच्या हाती ती किल्ली लागेल, तो एकाच वायफायवर बसून ईमेलचं खोटं पान आमच्यापुढे धरू शकत होता, आणि माझ्या पडद्यावर कुलूप मात्र अगदी खऱ्यासारखं दिसणार होतं. हॉटेलात दर शनिवार-रविवारी शेकडो माणसं येतात. त्यांतल्या कुणीतरी तेच केलं होतं. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मित्रांनो, मला त्या वेळी किती शरम वाटली! ज्या मानसीनं माझ्यावर बसून रात्रीचा दिवस केला, तिची चोरी माझ्याच पोटातून झाली होती.

घड्याळात चार वाजून गेले. ज्योत्स्नानं माझं झाकण लावलं. "आता याला कुणी हात लावायचा नाही. सगळं माझ्या फोनवर करू." ईमेलला नोंदवलेला नंबर होता आबांचा. चोरानं तो बदलला होता. पण नंबर बदलून थोडेच दिवस झाले असतील तर जुन्या नंबरावरूनही खातं परत मिळतं, हे तिला ठाऊक होतं. पंचाईत अशी की आमच्या पत्र्याच्या खोलीत आबांच्या फोनला रेंजच नाही. आबा धावत फाटकाशी गेले. मेसेज आला. त्यातला कोड दाखवायला ते आत येईपर्यंत त्या कोडची मुदत संपली. दुसऱ्यांदा आबांनी फाटकातूनच, घाटात हाळी देतात तशी आरोळी ठोकली, "चाऽऽर! सातऽऽ!"

"आबा, ओरडू नका हो! अख्ख्या गल्लीला कळेल!" ज्योत्स्ना ओरडली. मग सगळीच फाटकाशी गेली. भामाबाईंनी खिडकी उघडी टाकली होती, म्हणून मला कपाटाजवळच्या टेबलावरून ऐकू येत होतं. पहिल्यांदा चुकलं. पुन्हा केलं. आबांचा श्वास मला इथपर्यंत ऐकू येत होता. आणि मग मानसीचा आवाज, "उघडलं! ताई, उघडलं!" ज्योत्स्नानं तिला आधी नवा पासवर्ड घालायला लावला, चोराचा नंबर काढून टाकायला लावला, आणि मगच प्रवेशाचं पान उघडू दिलं. जागा तिथंच होती. पाच वाजून बारा मिनिटांनी मानसीनं ते बटण दाबलं.

आबा पायरीवर मटकन बसले. मग उठून आत आले, भिंतीवरचा पुठ्ठा उचकटून काढला आणि त्याचे दोन तुकडे केले. "काड ते आतलं," ते ज्योत्स्नाला म्हणाले. "समदं काड. गॅरंटी गेली तर जाऊ दे खड्ड्यात. माज्या नातीचं वरीस गेलं आसतं, पोरी, न् मी तिलाच बोललो." आणि मानसीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तिची माफी मागितली. इतक्या मोठ्या माणसानं, सगळ्यांसमोर!

नुसती सखी काढून भागत नव्हतं. ती गेली तरी तिचा शिक्का मागे राहत होता, हेही ज्योत्स्नानं वाचून ठेवलं होतं. शनिवारी तिनं मला मुळापासून पुसलं आणि सगळं नव्यानं भरलं. आता तुम्ही विचाराल, पुसला गेलास तर हे सगळं तुला आठवतं कसं? अहो, माझ्याभोवती चोवीस तास बोलणारी माणसं आहेत. या वाडीत कुणाला काही विसरू देतात होय!

इथं गोष्ट संपली असती तरी मी ज्योत्स्नाचे गोडवे गायले असते. पण तिनं पुढे जे केलं, ते करायला छाती लागते. प्रितम तिला म्हणाला होता, "ताई, झालं ना काम? मग बोभाटा कशाला? लॅपटॉप तूच निवडलास. नाव तुझंच खराब होईल." खरंच होतं. गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण ज्योत्स्नानं ती वही काखोटीला मारली आणि माझ्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या घरी गेली. एकेचाळीस घरं. कारखान्यातून आल्यावर, थकलेल्या पायांनी, चार दिवस. प्रत्येक दारात तेच सांगायचं, "हा लॅपटॉप मी पसंत केला होता. त्यात खोट निघाली. तुमचे पासवर्ड कुणाला कळले असतील. माझं चुकलं. चला, आत्ताच बदलू." हॉटेलच्या मॅनेजरलाही तिनं जाऊन सावध केलं.

एका घरातून ती बोलणी खाऊन आली. "वर्गणी आमची आन् शाणपन तुजं!" असं तिला कुणी ऐकवलं. ती ऐकून घेऊन तिथंच बसली आणि त्यांचाही पासवर्ड बदलूनच उठली. भामाबाईंकडे मात्र हसून हसून मुरकुंडी वळली. "माजा पासवर्ड चोराला कशाला पायजे? जानूचं नाव हाय, समद्या वलवणला ठावं हाय!" ज्योत्स्नानं कपाळाला हात लावला. मग बराच वेळ बसून दोघींनी नवा पासवर्ड ठरवला, आणि दुसऱ्या दिवशी भामाबाईंनी तो पाण्याच्या नळावर चार बायकांना सांगून टाकला. ज्योत्स्ना पुन्हा गेली!

तेव्हापासून वलवणला एक नवीन पद्धत पडली आहे. कुणीही नवा लॅपटॉप घेतला की वापरायच्या आधी रविवारी तो विहारात आणायचा. वंदना झाली की ज्योत्स्ना खोकं उघडते, आत कोण कोण बसून आलंय ते बघते, नको त्याला बाहेर काढते, आणि शिक्केही तपासते. आता शेजारच्या कुरवंडे गावाहूनही लोक येतात. मागच्या महिन्यात तिथले शेतकरी नथूभाऊ आले होते, लेकीसाठी घेतलेला नवाकोरा लॅपटॉप घेऊन. आयुष्यात कधी विहाराची पायरी चढले नव्हते. दारात चपला काढून जरा अवघडून उभे राहिले. आबांनी "या, भाऊ, बसा," म्हणून सतरंजीवर आपल्या शेजारी जागा केली. ज्योत्स्ना शिफ्टला होती, म्हणून सुट्टीवर आलेली मानसी तपासायला बसली. ती आता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

नथूभाऊ म्हणाले, "बाय, आजच घेतलाय. येकदम नवा हाय. ह्यात काय आसनार?"

मानसीनं त्यांच्याकडे न बघताच खोक्याचं सील फोडलं. "काका, आम्हाला वॉर्डात शिकवतात, पेशंट कितीही धडधाकट दिसू दे, आधी नाडी बघायची." आणि तिनं नाडी बघितली. आत जाहिरातींचा एक भामटा निघालाच! नथूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. तासाभरात तो लॅपटॉप स्वच्छ होऊन कुरवंड्याला गेला.

मित्रांनो, माझी बॅटरी आता फार टिकत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आम्ही यंत्रं वाईट नसतो. पण आमच्या पोटात कुणी काय भरून पाठवलंय, ते आम्हाला सांगता येत नाही. ते तुम्हीच बघायचं. नवा पडदा चमकतोय म्हणून भुलू नका. कुलूप दिसलं तर त्याच्यावर बोट ठेवून विचारा, ग्वाही कुणाची? नको ते दिसलं तर बेधडक काढा. आम्हाला दुखत नाही. आणि काढून झाल्यावर गप्प बसू नका. तसलाच लॅपटॉप तुमच्या शेजारच्या घरातही असेल. त्यावर एखादी मानसी अर्ज भरत असेल. ज्योत्स्ना एकेचाळीस घरं फिरली. तुम्ही निदान शेजारचं एक दार वाजवा.